रेंज लांब, भिंत जवळ

बारामती-इंदापूर भागातल्या पालकांशी नेमबाजीचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोज बालेवाडीला कोण नेणार? प्रश्न खरा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल बारामतीहून शंभरेक किलोमीटरवर आहे, इंदापूरहून त्याहूनही लांब. शाळा, क्लास, घरचं काम सांभाळून रोज तिथवर जाणं कुणालाही परवडणारं नाही. पण एअर पिस्तूल शिकायचं तर रोज रेंजवर जावंच लागतं, ही समजूत चुकीची आहे. या खेळाचा फार मोठा भाग एकही पेलेट न झाडता, घरातल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून शिकायचा असतो. आठवड्यातून एकदा-दोनदा रेंज आणि बाकीचे दिवस भिंत, एवढ्यावर पाया उत्तम घालता येतो. रोज रेंजवर जाऊन नुसत्या पेलेट संपवणाऱ्या मुलापेक्षा भिंतीसमोर नीट उभं राहणारा मुलगा पुढे जातो, असं मी अनुभवाने सांगतो.

इथे मी १० मीटर एअर पिस्तुलाबद्दलच बोलणार आहे. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. रायफलीसारखं जाड जाकीट, पँट यांचा खर्च नाही. पिस्तूल, पेलेट, सपाट तळव्याचे साधे बूट, एवढ्यावर भागतं. बूट मात्र घोट्याच्या खालपर्यंतचेच हवेत, घोटा झाकणारे बूट नियमात बसत नाहीत. .२२ च्या पिस्तुलाला परवाना लागतो. ते पुढचं पाऊल आहे, घाई करू नये.

परवान्याचा विषय निघालाच आहे तर आधी तो संपवू. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, नोंद ठेवतो. पक्की पावती घ्या, ती जपून ठेवा आणि पिस्तुलाच्या पेटीत तिची प्रत ठेवा. प्रवासात पिस्तूल पेटीतच, रिकामं. परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. चार-पाच मीटरवरून डोळा जायला एक पेलेट पुरते.

आणि पाखरं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरतात. असला ठेवा अंगणात असताना पोरांच्या हातात छऱ्याची बंदूक आली की पहिला नेम होल्यावर नाहीतर पोपटावर जातो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रशिक्षक म्हणून सांगतो, झाडावरच्या पाखरावर नेम धरणाऱ्या मुलाला पिस्तुलाची शिस्त शिकवणं फार जड जातं. त्याला लागलं की नाही एवढंच बघायची सवय लागलेली असते. कागदावर आपण बघतो ते कसं आणि का लागलं.

आपल्या भागात परवान्याची पिस्तुलं बाळगणारेही पुष्कळ आहेत. त्यांनाही एक सांगणं आहे. वरातीत, हळदीत, वाढदिवसाला हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कमरेला लावून मिरवणारा माणूस बघून पोरं पिस्तूल म्हणजे काय ते शिकतात, आणि नंतर ते पुसायला आम्हाला महिने लागतात.

आता कागद. १० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या बाहेरच्या प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या आठ-आठ मिलिमीटरने वाढत जाते. सातपासून आतला भाग काळा, त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर. पेलेटच्या भोकाची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी आतले गुण मिळतात, म्हणून मध्यापासून साधारण आठ मिलिमीटरपर्यंत लागलेला नेम दहा धरला जातो. हे आकडे पाठ करायला सांगत नाही. त्यातून जे कळतं ते महत्त्वाचं आहे.

एअर पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरा. हात थरथरला आणि सगळं पिस्तूल तसंच्या तसं पाच मिलिमीटर उजवीकडे सरकलं, तर कागदावरही नेम पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे तरीही दहा. पण हात एकदम स्थिर आहे आणि पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर चूक होते सुमारे २८ मिलिमीटरची. दहाचे सात झाले. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. हात हलतो म्हणून घाबरतात, डोळा काळ्या गोळ्यावर खिळवतात आणि खाच-साइटची जुळणी वाऱ्यावर सोडतात.

म्हणून पहिला नियम असा: नजर पुढच्या साइटवर. साइटची वरची कड खाचेच्या वरच्या कडेशी समपातळीत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. साइट ठळक दिसली पाहिजे, काळा गोळा मागे पुसट दिसला पाहिजे. गोळा स्पष्ट दिसायला लागला की समजावं, नजर चुकीच्या ठिकाणी गेली. नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही; काळ्याच्या खाली पांढऱ्यात थोडी जागा सोडून धरायचा आणि साइट अशी बसवून घ्यायची की पेलेट मध्यावर जाईल. काळ्यावर काळी साइट धरली तर कड दिसतच नाही. शिवाय पांढऱ्यात एखादा बिंदू शोधू नका, एक पट्टा धरा. हात त्या पट्ट्यात तरंगणारच. ऑलिंपिक खेळाडूचाही तरंगतो, त्याचा पट्टा लहान असतो एवढंच.

दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा. एक डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात, दुसऱ्या डोळ्यावरही त्याचा ताण येतो आणि शंभर वेळा तसं केलं की डोकं दुखतं. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर टोपीला किंवा चष्म्याला कागदाची पट्टी लावा. रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, तेवढीच नियमात बसते. आणि आधी आपला मुख्य डोळा कोणता ते तपासा. हात लांब करून दोन्ही तळव्यांच्या मध्ये लहानसं भोक ठेवा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर दिसते तो मुख्य. उजव्या हाताच्या मुलाचा मुख्य डोळा डावा निघाला तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. मधल्या मध्ये वर्ष वाया जातं.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. टार्गेटला जवळजवळ बाजू करून, पाय खांद्याइतके फाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, लोंबता नको. मान सरळ, पिस्तूल डोळ्यापर्यंत आणायचं, डोकं पिस्तुलाकडे वाकवायचं नाही. मग डोळे मिटून हात उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर हाताने ओढून आणू नका. मागचा पाय किंचित सरकवून सगळं शरीर वळवा आणि पुन्हा डोळे मिटून बघा. हाताने ओढून आणलेला नेम दहाव्या-बाराव्या उचलीला दमतो आणि परत आपल्या जागी जातो. पाय एकदा जमले की खडूने जमिनीवर खुणा करून ठेवा.

मूठ. पिस्तुलाची लाकडी मूठ हाताला बसली नसेल तर बाकी सगळं फुकट आहे. तळव्याची फळी आपल्या मापाला सरकवा, जिथे पोकळ वाटतं तिथे लाकडाची लांबी भरून घासून घ्या. जुने नेमबाज हे काम स्वतःच करतात. मूठ दरवेळी तशीच्या तशी पकडली गेली पाहिजे. म्हणून आधी दुसऱ्या हाताने पिस्तूल धरून, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात खोल बसवा आणि मग बोटं मिटा. मधली दोन बोटं सरळ मागे, तळव्याकडे दाबतात; अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. जोर किती? हस्तांदोलन करताना समोरच्याला जाणवावा पण दुखू नये इतका. पण जोर किती यापेक्षा तो शेवटपर्यंत सारखा राहतो का, हे जास्त महत्त्वाचं. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी मूठ आवळली जाते, ही या खेळातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट खोड.

इथे थोडं थांबतो, कारण खरा खेळ ट्रिगरवर आहे.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन हवं असा नियम आहे. स्पर्धेआधी परीक्षक ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात; उचलताना सुटलं तर ते पिस्तूल चालत नाही. बहुतेक ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा मोकळा, बोट मागे जात राहतं. मग एक भिंत लागते. या भिंतीपाशी थांबून, नेम छान दिसायची वाट बघून, 'आता' म्हणून बोट दाबणं म्हणजे दहा हातचा घालवणं. कारण 'आता' म्हणताच बोटाबरोबर मनगट, खांदा, पापणी सगळं हलतं. बरोबर काम असं होतं: पिस्तूल वरून खाली उतरत असतानाच पहिला टप्पा घेऊन झालेला असतो, पट्ट्यात आल्यावर बोट हळूहळू, न थांबता दाब वाढवत जातं, सुटतं तेव्हा सुटतं. नेमका क्षण आपल्याला माहीत नसतो आणि तो नसलेलाच बरा. दाब बोटाच्या पहिल्या पेराच्या मधल्या गादीने, सरळ मागे. पेर वळणापर्यंत आत गेलं तर पिस्तूल बाजूला ओढलं जातं.

रानात काम करणाऱ्या मुलांच्या बोटाला घट्टे असतात. घट्ट्यावरून पाचशे ग्रॅम कळत नाहीत. रात्री कोमट पाण्यात बोटं भिजवून, तेल लावून ती कातडी मऊ ठेवा. हे नाजूकपणाचं लक्षण नाही, खेळाचं हत्यार धारेवर ठेवण्याची गोष्ट आहे.

सुटल्यावरही काम संपत नाही. पेलेट हळू जाते. ट्रिगर सुटल्यापासून ती नळीबाहेर पडेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात, आणि तेवढ्यात मनगट सैल पडलं तर नेम बिघडतो. म्हणून सुटल्यावर दोन सेकंद तसंच राहायचं, नजर साइटवर, आणि साइट कुठे उडाली ते बघायचं. मग हात खाली. कागदाकडे, स्क्रीनकडे त्यानंतरच.

आता भिंतीसमोरचा सराव. त्याआधी दोन अटी. पहिली: ज्या खोलीत कोरडा सराव चालतो त्या खोलीत पेलेटचा डबा नको. पिस्तूल हातात घेताच उघडून रिकामं आहे ना ते बघा, दुसऱ्याला दाखवा, आणि तरीही नळी माणसाकडे, दाराकडे, खिडकीकडे नको. दुसरी: पिस्तूल कोणतं आहे ते बघा. भरलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलात बहुधा कोऱ्या क्लिकची सोय असते, ती वापरा. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा कोरा बार काढू नका. आतला पिस्टन आपटून वॉशर आणि स्प्रिंग खराब होतात. स्प्रिंगचं पिस्तूल असेल तर पकड, उचल आणि नजर यांचाच सराव करा.

सुरुवात कोऱ्या भिंतीने करा. टार्गेट नाही, टिंब नाही, काही नाही. हात उचला, पट्ट्याच्या उंचीला आणा, नजर साइटवर, ट्रिगर दाबत जा. क्लिक झाली त्या क्षणी साइट खाचेत हलली का? फक्त एवढंच बघायचं. टार्गेट नसल्यामुळे दहा मारायचा मोह राहत नाही आणि बोट काय करतंय ते पहिल्यांदा स्पष्ट दिसतं. पहिल्या महिन्यात तीस-चाळीस क्लिक रोज पुरे. त्याहून जास्त केल्या की शेवटच्या दहा-वीस निष्काळजी होतात आणि हात त्या निष्काळजीपणाचा सराव करतो. पिस्तुलाचा वरचा भाग सपाट असेल तर साइटच्या मागे रुपयाचं नाणं ठेवून दहा क्लिक करा. नाणं पडलं तर का पडलं ते लिहा.

पुढच्या आठवड्यापासून भिंतीवर दोरा ताणा. आधी उभा. साइट दोऱ्यावरून सावकाश वर-खाली न्या, दोरा सोडायचा नाही. मग आडवा दोरा, साइट डावी-उजवीकडे. खांदा आणि मनगट एकत्र कसे चालतात हे यातून कळतं.

लहान टार्गेट लावायचं असेल तर माप चुकवू नका. घरात पाच मीटर मिळत असतील तर काळा गोळा निम्मा, म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाचा काढा. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो. पाच मीटरवर लावताना मात्र आपल्या डोळ्याची उंची आणि १४० यांच्या बरोबर मधली उंची घ्या. डोळा १५६ सेंटिमीटरवर असेल तर गोळा १४८ वर. नाहीतर घरी हाताचा कोन वेगळा बसतो आणि रेंजवर पहिला अर्धा तास तो मोडण्यात जातो.

होल्डिंग हा तिसरा भाग. पिस्तूल उचलून तीस सेकंद धरा, मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. ट्रिगरला बोट नाही. साइट जुळलेली राहिली पाहिजे. ती विसकटली की हात खाली, मग सेकंद कितीही झालेले असोत. सेकंद हळूहळू वाढवा. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांनी वजनं लावून असले प्रयोग करू नयेत. साधं पिस्तूलच किलोच्या आसपास असतं, तेवढं पुष्कळ. खांद्यात टोचल्यासारखी कळ आली तर त्या दिवशी बंद.

चौथा सराव मुलांना अजिबात आवडत नाही आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो. दहा वेळा हात उचलायचा आणि त्यातल्या पाच वेळा क्लिक न करता ठरवून खाली आणायचा. का? स्पर्धेत साठ नेमांना ७५ मिनिटं मिळतात. घाई कुणालाच नसते. तरी पिस्तूल उचललं की मारलंच पाहिजे असं वाटतं. पट्ट्यात आल्यापासून पाच ते आठ सेकंदांत सुटणारा नेम चांगला; दहा सेकंद उलटले की डोळा साइटची आठवण बघतो, साइट बघत नाही. अशा वेळी हात खाली आणता येणं हे कौशल्य आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं.

घरी खऱ्या पेलेट मारायची जागा करायची असेल तर वस्तीवरची रिकामी पोल्ट्री शेड, लांब पडवी यात दहा मीटर सहज मिळतात. पण टार्गेटच्या मागे पक्की भिंत हवी. पत्रा किंवा ताडपत्री चालणार नाही. पेलेट पकडायला तिरक्या जाड पाटीची लोखंडी पेटी करून घ्या; सरळ उभ्या कडक पत्र्यावर मारलेली पेलेट उलटून येते. टार्गेटच्या बाजूला दार असेल तर ते आतून कुलूपबंद. डोळ्यावर चष्मा, बघणाऱ्याच्याही. पेलेट शिशाच्या असतात: तोंडात धरू नका, सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय शेंगदाण्याला हात लावू नका. टार्गेटवर उजेड भरपूर असू द्या. व्होल्टेज वर-खाली होत असेल त्या वेळी पेलेटचा सराव टाळून भिंतीचा करा.

पेलेट चपट्या डोक्याच्या घ्या. त्या कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजायला भांडण राहत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या. हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. त्यावरची तारीख बघा, दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो घरीही वापरू नये.

रेंजवर गेल्यावर पहिले वीस नेम कोऱ्या कागदावर, टार्गेट उलटं लावून. पांढऱ्यावर पाच-पाच पेलेटचा गुच्छ कसा पडतो ते बघा. गुच्छ लहान आहे पण एका कोपऱ्यात आहे, तर साइट फिरवायची. मागची खाच जिकडे सरकवाल तिकडे नेम सरकतो. गुच्छ मोठा असेल तर साइटला हात लावू नका, तिथे दोष पिस्तुलाचा नाही. एका वाईट पेलेटवर साइट फिरवणारा मुलगा दिवसभर साइटच फिरवत राहतो.

गुच्छाचा आकारही बोलतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचे नेम खाली-डावीकडे जात असतील तर बहुधा ट्रिगर ओढला जातोय किंवा मूठ आवळली जातेय. उभा लांबट गुच्छ असेल तर श्वास, दर वेळी वेगळा बसणारा मनगटाचा कोन किंवा साइटची वर-खाली जुळणी तपासा. आडवा लांबट असेल तर पायांपासून सुरू करा. हे अंदाज आहेत, निदान नव्हे; कोरड्या सरावात तीच खोड दिसली तरच पक्कं समजा.

रेंजवरचा माझा सर्वांत आवडता सराव म्हणजे आधी सांगणं. पेलेट सुटली की स्क्रीनकडे न बघता म्हणायचं: 'आठ, खाली उजवीकडे.' मग बघायचं. सुरुवातीला काहीच जुळत नाही. दोन-तीन महिन्यांत जुळायला लागतं आणि तेव्हा समजावं, नजर खरंच साइटवर राहायला लागली. ज्याला आपला नेम न बघता सांगता येतो त्याला प्रशिक्षक लांब असला तरी चालतं. आपल्या भागातल्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे. दुसरा एक सराव जोडीने करा. जोडीदार पिस्तुलात कधी पेलेट घालतो, कधी घालत नाही आणि तुमच्या हातात देतो. रिकाम्या वेळी नळी खाली झुकली, तर ट्रिगर सुटण्याआधीच मनगट दचकतंय हे सगळ्यांसमोर उघडं होतं.

डायरी ठेवा. गुण लिहू नका म्हणत नाही, पण गुणांपेक्षा पायाची खूण कुठे होती, मूठ कशी वाटली, कोणत्या नेमाला हात खाली आणायला हवा होता आणि आणला नाही, हे लिहा.

शरीराबद्दल एक स्थानिक गोष्ट. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते, आणि घरातला मोठा मुलगा रात्री दारं धरायला जातो. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पिस्तूल धरू नये. झोप अपुरी असली की डोळा साइटवर टिकत नाही. दिवसभर खोरं, ऊस, पोती ओढून आल्यावरही तास-दोन तास हात थरथरतो. त्या दिवशी पाय आणि नजरेचा सराव करा, होल्डिंग नको. तोल चांगला करायला एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, पोट-पाठीसाठी प्लँक, मनगटासाठी ओला टॉवेल पिळणं हे व्यायाम पुरतात. दंड फुगवायची गरज नाही. सरावाच्या आधी चहाचा तिसरा कप टाळा.

मनाचं काय, असं पालक विचारतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे बघा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची खेळाडू ३४ गुणांवर बरोबरीत सुटल्या. शूट-ऑफ झाला, त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अशा वेळी 'सुवर्णपदक' असा विचार डोक्यात असून चालत नाही. डोक्यात काम असावं लागतं: मूठ, साइट, बोट. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरचं १० मीटरचं रौप्य ०.१ गुणाने हुकलं. कागदावर मोजलं तर ते अंतर ०.८ मिलिमीटर भरतं. दुसऱ्याच्या गुणफलकाकडे बघून कुणाला ०.८ मिलिमीटर कमावता येत नाही, मूठ तशीच्या तशी पकडून कमावता येतं.

म्हणून स्पर्धेचा सरावही घरी करा. महिन्यातून एकदा १५ मिनिटं तयारी आणि मग ७५ मिनिटांत साठ क्लिक. घरच्यांना सांगा, टीव्ही बंद करू नका, मोबाईल वाजू द्या, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉली जाऊ द्या. आणि रोज सकाळी उठून, कुठलीही तयारी न करता, एकच नेम. दिवसाचा पहिला आणि शेवटचा. स्पर्धेत दुसरा पहिला नेम मिळत नाही.

प्रशिक्षक किंवा रेंज निवडताना मुलगा किती दिवसांत स्पर्धा मारेल हे विचारू नका. पहिल्या दिवशी सुरक्षेवर किती वेळ घालवतात ते बघा. लेनवर पिस्तूल ठेवलेलं असताना नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यातून रंगीत दोरी बाहेर दिसते का, कुणी टार्गेटजवळ गेलं की सगळे पिस्तुलावरून हात काढतात का, हे स्वतः उभं राहून बघा. ते नसेल तर पेढे देऊन मुलाला परत घेऊन या, दुसरीकडे न्या.

शालेय क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहे. नोंदणी शाळेमार्फत होते, त्यामुळे क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच गाठा; ते ती तालुका आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पुढे पाठवतात. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य. खुल्या स्पर्धांसाठी महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन ईझिकेल स्मृती स्पर्धा आहे, आणि पुढे राष्ट्रीय पातळीवरची मावळंकर स्पर्धा. ती ज्यांच्या नावाने भरते ते दादासाहेब मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

पहिल्या स्पर्धेला जाताना आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करा. पहाटेच्या एसटीने येऊन थेट लेनवर उभं राहू नका. पेटीत पिस्तूल, पावतीची प्रत, सिलिंडर भरलेला, पेलेटचे दोन डबे, स्क्रू फिरवायची चावी, रंगीत दोरी, डोळ्याची पट्टी, टॉवेल, शाळेचं ओळखपत्र. आणि ट्रिगरचं वजन निघण्याआधी घरीच ५०० ग्रॅमचं वजन अडकवून तपासा. पाचशेला अगदी काठावर असलेला ट्रिगर तपासणीच्या टेबलावर हमखास सुटतो, म्हणून पाच-दहा ग्रॅम जास्तच ठेवा.